मांडणीखालचा गोटा

२५ ऑगस्ट १९८४, पांढुर्णा
पुन्हा तेच! भांडे जमिनीवर ठेवा लागन तं मी पोरीले घेऊन येत नाही, असं मंगलानं गोंदियाहून लिहिलं. बाई, खोली पाहून तं घे! लाकडं चिराच्या आरा मशीनवर काम लागलं, शांताबाईनं भाड्यानं खोली देली, पोरीचा पाळणा टांगाले आढ्याले कडी बी आहे. आता तुह्या भांड्यांसाठी मांडणीच करून राहिलो. चार पाय, पाच फळ्या. मातीच्या भिंतीत खिळा टिकत नाही, म्हणून तिनं आपल्याच पायावर उभं राहावं. लय झोके खाये; मागून तिरपी पट्टी ठोकली तवा कुठं थांबली. घरमालकीण शांताबाई हसून म्हणे, बायकोच्या आधी मांडणीच नांदाले आली काय रे!

२८ ऑगस्ट
जमीन उंचखोल, एक पाय अधांतरी. काल पोळ्याचा पाडवा, गोटमार झाली. नदीच्या या काठाहून पांढुर्णावाले, त्या काठाहून सावरगाववाले, दिवसभर एकमेकाले गोटे. बाप्पा! आज काठावर गोटेच गोटे. रक्त लागलेले सोडले, एक चपटा, साफ निवडून आणला. पायाखाली बसवला. आता ढकलली तरी हालत नाही. मंगलाले कार्ड टाकलं, पुढल्या आइतवारी, ९ तारखेले या.

३० ऑगस्ट
सकाळी मांडणी भिंतीपासून हातभर पुढं. मागं लोटली. कामाहून आलो तं पुन्हा पुढं.
शांताबाईले सांगतलं. तिनं इचारलं, गोट्याले रक्त होतं काय? म्हटलं, नाही, साफ पाहूनच आणला. बाई म्हणे, लागलेला गोटा निवते रे. न लागलेल्याचा नेम बाकी असते, तो कोणी घरात आणत नाही. इथल्या पोट्ट्यायले बी समजते, तू कुठचा आला रे बाबा!

३१ ऑगस्ट
गोटा नदीत फेकला. घरी आलो. मांडणी घट्ट उभी. वाकून पाह्यलं. तिथंच. ओला.

१ सप्टेंबर
मांडणीपुढं बसलो. गोट्याले म्हटलं, मले मार अन् संपव, पोरगी याच्या आधी. दिवस गेला. एक वाटी बी पडली नाही. मले सोडून मांडणी वळून राहिली — कडीकडं. पाळण्याच्या —

३ सप्टेंबर, सौंसर
मंगलाले तार केली, येऊ नको, मीच घरी येतो. भेटली ती बस धरून पळालो. सौंसरच्या स्टँडवर भाकर काढाले थैलीत हात घातला —
ओलाच आहे.
घरी नेला तं पोरीपाशी —

५ सप्टेंबर, पांढुर्णा
परतलो. मांडणीखाली ठेवला. मले तो मारत नाही. मी फक्त नेणारा.
मंगला, तू येऊ नको. मी बी येणार नाही, कधीच. पोरीले सांग, तुहा बाप — नको, काही नको सांगू. पैसे पाठवत जाईन. या महिन्याचे एकशे चाळीस रुपये —