चाल कोणाची

धायरी, पुणे ४१
दि. १४ डिसेंबर २००४

तीर्थरूप कांताआक्का यांस,
धाकटा बंधू गेनबा याचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे. थंडीत आपल्या गुडघ्यांस उतार असावा. घरात फोन आहे. परंतु असले बोलणे मला फोनवर जमत नाही. पत्र आपल्या सूनबाई नम्रताकडून वाचून घ्यावे. त्या वेळी शेजारणी बसलेल्या असल्या तरी माझी हरकत नाही.

पत्रास कारण की, एकाहत्तराव्या वर्षी मी गाणी रचू लागलो आहे. आमच्या भजनी मंडळाची पुस्तिका दत्तजयंतीस निघत आहे. तीत माझी तीन गाणी आहेत. गाणे कोणत्या चालीवर बांधले, ते माथ्यावर छापण्याचा रिवाज आहे. दोहोंवर मी जुन्या चाली लिहिल्या. तिसऱ्यावर लिहिले, ‘चाल : स्वतंत्र’.

नात अपेक्षा संगणकाच्या कंपनीत आहे. तिने ते तिसरे गाणे माझ्या आवाजात यंत्रात भरून घेतले व विचारले, “आबा, ओरिजिनल आहे ना? नंतर लोक शोधून काढतात.”

मी म्हणालो, “माझ्या डोक्यातून आले, म्हणजे माझेच.”

मग तिने ते मला ऐकविले. दर दोन ओळींनंतर मी किंचित थांबत होतो. तेथे श्वास घेण्याचे कारण नव्हते. आक्का, जात्यात धान्याची मूठ टाकताना आपण जेथे थांबत होता, नेमके तेथेच मी थांबत होतो. मी आपल्या मांडीवर डोके ठेवून ती चाल ऐकली आहे. धायरीत आता ती दुसऱ्या कोणास ठाऊक नाही. गप्प बसलो असतो तर खपून गेले असते. आठ दिवस गप्प बसलोही.

काल मंडळाच्या रंगनाथ बुवांस सांगितले. ते म्हणाले, “आबा, छापखान्यात गेलंय, राहू द्या की. जात्यावरची चाल म्हटल्यावर लोक हसतील.”

“हसू द्या,” म्हटले, “तेवढीच दातांना हवा लागेल.”

आज बसने नारायण पेठेत छापखान्यात गेलो व समोर उभे राहून ओळ बदलून घेतली. आता तेथे ‘चाल : कांताबाईंच्या जात्यावरची’ असे आहे. तिसऱ्या ओळीचा उतार मात्र माझा आहे. तो मी कोणासही देणार नाही.

आणखी एक. या नव्या घराच्या वास्तुशांतीस आपणांस बोलावणे राहून गेले, असे मी सर्वांस सांगत आलो. ते राहिले नव्हते. “जमीन विकलीस, आता बैल गच्चीवर बांधणार का?” असे आपण चारचौघांत विचारले होते, ते मला झोंबले. गच्चीवर सध्या मेथी आहे. चांगली येते.

दत्तजयंतीस अपेक्षा गाडी घेऊन येरवड्यास आपल्या घरी येईल. आपण यावे, पुढे बसावे व मी कोठे चुकतो ते सांगावे. आपण न आलात तरी पुस्तिका निघेल, मंडळ गाईल. ते गाणे मात्र मी म्हणणार नाही.

आपल्या परवानगीची वाट पाहणारा,
आपला धाकटा
गेनबा