जमादाराच्या जिभेपुरता रंजका

पौष शुद्ध १, सोमवार

बरणी परत आली. रिकामी. पण यांनी खाल्लेली नाही!

आत्याबाई म्हणाल्या, "बघ, खाल्लं लेकरानं." सासूच्या आनंदावर विरजण कशाला घाला म्हणून मी हो म्हटलं आणि बरणी खिडकीपाशी नेली. आतून कडेला लाल थर तसाच. गळ्याशी बिया चिकटलेल्या. हे कधी असं ठेवतील? ताट धुऊन ते पाणी पिण्याची रीत माझ्या माहेरीही आहे, सगळ्याच लिंगायतांत आहे. पण हे तिखटाच्या वाटीतसुद्धा पाणी घालतात, हलवतात आणि पिऊन टाकतात. लग्न झालं तेव्हा मला हसू आवरायचं नाही. यांच्या हाताखालून गेलेली बरणी आरशासारखी असते.

आमच्या कापडदुकानात तिरंगी झेंड्याचं कापड सापडलं म्हणून संस्थानच्या पोलिसांनी यांना नेलं, त्याला आठवडा होऊन गेला. ठेवलंय गावाबाहेरच्या जुन्या कापसाच्या गोदामात. कोर्ट नाही, कचेरी नाही, भेट नाही. सोमवारी आणि शुक्रवारी घरचा डबा घेतात, तोही दारावरच्या जमादाराने उघडून पाहिल्यावर. गेल्या वेळी भाकरीबरोबर मुद्दाम रंजका दिला होता. ओल्या लाल मिरच्या, मीठ, लसूण, मेथ्या. यांचा जीव की प्राण.

मग तो कोणी खाल्ला? सांगायला ज्योतिषी नको.

पौष शुद्ध २, मंगळवार

बसवंत आला होता. आधी त्या गोदामात हमाल होता, आता तिथल्या कैद्यांना पाणी भरतो. मागच्या दाराने आला आणि उंबऱ्यातच टेकला.

"वैनी, मालक जेवून राहिले न्हाईत. आल्यापासून घास न्हाई. पाणी पितेत निस्तं."

का? तर पहिल्याच दिवशी झडती झाली. अंगठी काढून घेतली, करदोटा काढून घेतला – आणि गळ्यातलं लिंग! चांदीच्या डबीत होतं ना, म्हणून. हे म्हणाले, डबी ठेवा, लिंग तेवढं द्या. कोण ऐकतो! आणि लिंगाची पूजा नाही तर अन्न नाही. लहानपणापासून एक दिवस चुकवलेलं नाही यांनी.

"भिताडाला टेकून बसतेत. काल उठताना तोल गेला त्यांचा. डबा तसाच कोपऱ्यात. दुसरे खातेत."

आत्याबाई ऐकत होत्या. "सिद्धलिंग बापावर गेलाय," म्हणाल्या, "मरंल पण खाणार न्हाई." आणि पदरात तोंड घालून रडल्या. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं.

मला मात्र राग आला. यांचाच! देवाने सांगितलंय का मर म्हणून? लिहिलं आणि जीभ चावली. माझ्याही गळ्यात लिंग आहे. माझं कोणी हिसकावलं असतं तर मी जेवले असते का?

नसते. म्हणून तर भीती वाटते. हे वाकणार नाहीत हे मला आतून ठाऊक आहे.

पौष शुद्ध ३, बुधवार. संक्रांत

तिळगूळ घेऊन सरळ गोदामावर गेले. आत्याबाईंना न विचारता.

जमादार बाजेवर बसलेला. माझ्या पुढे एक म्हातारी होती, लेकाचा डबा घेऊन; सणाचा म्हणून आज घेत होते. त्याने तिच्या भाकरीचे चार तुकडे केले, वरणात लोखंडी सळी घालून तळापर्यंत ढवळलं, गुळाचा खडासुद्धा फोडून पाहिला. म्हातारीने डोळे मिटून घेतले होते.

मी म्हटलं, लिंग द्या. चांदी तुम्हाला राहू द्या.

"जमा हो गया सब. माल ऊपर गया. मैं क्या करूं अम्मा?"

अम्मा! माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठा असेल! मग तिळगूळ तोंडात टाकून विचारतो कसा, "वो लाल चटनी तुम्हारी थी? क्या चीज बनाते जी तुम लोगां! शुक्कर को और लाव." लाज नाही, काही नाही. आणि खरं सांगू? शिव्या देण्यासारखं तोंडसुद्धा नव्हतं त्याचं. हुकुमाचा ताबेदार, भुकेला माणूस.

मी "आणते" म्हटलं. परत येताना वाटभर कान तापलेले होते.

पौष शुद्ध ४, गुरुवार

सकाळी मठात गेले. कुलूप. स्वामीजी सरहद्दीपलीकडे सोलापूरकडे गेलेत, कधी येतील नेम नाही. नवं लिंग द्यायचं तर गुरूच्या हातून. दारावर येणाऱ्या शिवलिंग जंगमांना विचारलं. "झडत्या होऊन राहिल्या, उमाबाई. आत पाठवलं म्हणून कळलं तर मलाबी तिथंच बसवतील. पोरंबाळं हायत मला." त्यांच्यावर काय रागवायचं!

दुपारी चुलीपुढे बसले होते, हात गळ्याशी गेला आणि ठरलं. माझं लिंग पाठवायचं.

दुसऱ्याचं लिंग पुजू नये, आपलं कोणाला देऊ नये. हे मला कोणी शिकवायला नको. पाप लागलं तर लागू दे. निस्तरीन. हे राहिले तर पापाचं बघता येईल.

पण पाठवायचं कशातून? भाकरीत नाही, वरणात नाही, सळी सगळीकडे फिरते. फक्त रंजक्यात तो सळी घालत नाही, बोट घालतो. आवडतो ना! पण मग तळापर्यंत खातोही. म्हणजे यावेळी असा हवा की एक बोट चाखलं की दुसरं घालायची छाती होऊ नये. नुसतं जहालही नको – चवच नसली तर काहीतरी काळंबेरं आहे म्हणून ओतून टाकील. आणि इतक्या दिवसांच्या रिकाम्या पोटी यांनी ते जहाल खाल्लं तर आतडी जळतील. कोणासाठी करतेय मी हा रंजका? दोघांसाठी! एकाने खाऊ नये म्हणून आणि एकाने खावा म्हणून.

बाजारात निलंग्याकडची गंगम्मा बसते. तिला म्हटलं, तुझ्याकडची सगळ्यात वाईट मिरची दे. तिने दोन ढीग दाखवले. "ही जाडी, रंगाला आन् वासाला. आन् ही लवंगी, भाळ खारा, लई तिखट! पोरांच्या हाती लागू देऊ नको." दोन्ही घेतल्या.

घरी तीन वाट्या केल्या. बसवंत संध्याकाळी आला, त्यालाच बसवलं चाखायला. पहिली वाटी – जाडी मिरची, लसूण, मेथ्या. म्हणाला, "लई झ्याक!" ती गेली बाद. दुसरी, जाडी आणि लवंगी अर्धी अर्धी, भरपूर लसूण. एक बोट, दोन बोटं, तिसऱ्याला डोळ्यांत पाणी, कपाळावर घाम. पण बोट थांबेना! "जळतंय वैनी, पण सोडवंना." हीच तर गोम. लसणाने तिखट उशिरा लागतं, तोवर माणूस पुढे गेलेला असतो. तिसरी निव्वळ लवंगी, बियांसकट, लसूण काढून टाकला, वासापुरता हिंग आणि तळलेल्या मेथीची पूड. बसवंतने जिभेला लावलं आणि उठून रांजणाकडे धावला. परत येऊन म्हणाला, "वास चांगला हाय... पर लांबूनच."

मिळाला! जमादाराचा थर वर. खाली यांचा, पहिल्या वाटीसारखाच, पण मिरचीतल्या बिया आधी झटकून, आणखी मऊ करून. बसवंतला निरोप दिला – वरचं बाजूला काढा, खालून खा, सोबत दही घ्या. आणि तळापर्यंत जा.

तळाचं मात्र त्याला सांगितलं नव्हतं. आत्याबाईंनाही नाही. पण लिंबू पिळताना मी थांबले – आंबटाने लिंगावरची काळी कांती जाईल – आणि त्यांनी पाहिलं.

"लिंबू का न्हाई घालत?"

सांगून टाकलं.

"दुसऱ्याचं लिंग चालत न्हाई गं."

"दुसऱ्याचं कुठं आत्याबाई? बायकोचं आहे."

"तिखटामिठात घालणार? त्याच्यात तो जमादार बोटं बुचकळणार, उष्टी!"

त्यांनी स्वतःच्या गळ्याला हात घातला. "मग माझं दे. मी म्हातारी. मी ऱ्हाते उपाशी." मी नाही म्हटलं, जोरात म्हटलं. दोन दिवस उपाशी राहिल्या तर उठायच्या नाहीत. त्या उठल्या, देवघरात गेल्या. वाटलं, रागावल्या. तर मेणाचा गोळा आणि जुन्या रेशमी लुगड्याचा तुकडा घेऊन आल्या. "उद्या पूजा झाली की चांदीची डबी काढ. निस्तं लिंग गुंडाळ. मेण मी लावते, तू गाठ मार."

पौष शुद्ध ५, शुक्रवार

पहाटे पूजा केली. शेवटची म्हणायची नाही. भाकरी खाल्ली. मग सोडलं गळ्यातून, गुंडाळलं, आत्याबाईंनी मेण लावलं आणि ते बरणीच्या तळाशी गेलं.

गोदामावर डबा जमादारापुढे ठेवला. सापडलं तर डबा कायमचा बंद. म्हणजे हे गेलेच.

जमादाराने भाकरी मोडली. दह्यात सळी फिरवली. मग बरणी बघून हसला. "लाई?" झाकण काढलं, वास घेतला, आणि घातलं बोट – चांगलं दोन पेरं! चाटलं.

आधी काहीच नाही. मी मनात म्हटलं, संपलं. ह्याची जीभ चामड्याची आहे.

मग तोंड उघडं पडलं. कान लाल. "हाय हाय हाय! अम्मा, ये खाना है या सजा?" मला वाटलं सुटले. तर त्याचा हात सळीकडे गेला! "देखूं तो, नीचे क्या डाला है..." सळी बरणीच्या तोंडाशी आली. तेवढ्यात त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि त्याने ते पुसलं. त्याच बोटाने!

असा ओरडला की पहारेवाले धावले. "ले जा रे अंदर! ये बला मेरे सामने से हटाव!" बसवंतने बरणी उचलली आणि आत गेला.

मी घरी आले आणि न्हाणीत बसून हसले. मग रडले.

पौष शुद्ध ६, शनिवार

काही कळलं नाही. बसवंत आला नाही. पाणी प्याले.

पौष शुद्ध ७, रविवार

भूक लागते. लिहायला लाज कसली? लागते. आत्याबाई माझ्यासमोर जेवत नाहीत, कोठीच्या खोलीत ताट नेतात. हात सारखा गळ्याकडे जातो आणि रिकामा परत येतो.

हे कसे राहिले असतील इतके दिवस? आणि मी यांच्यावर चिडले होते.

बसवंत का येत नाही?

पौष शुद्ध ८, सोमवार

बसवंत बरणी घेऊन आला. "जमादार तिच्याकडं बघत बी न्हाई," म्हणाला. हातात घेतली. बरणी जड! वर लवंगीचा थर जसाच्या तसा. म्हणजे खाल्लंच नाही. यांनी कधी कण ठेवला नाही आयुष्यात.

आत्याबाईंनी परात पुढे ओढली. वरचा थर काढला. त्याखाली यांचा रंजका. अर्धा! उरलेला सपाट करून ठेवलेला, बरणीच्या कडा बोटाने निपटून घेतलेल्या. आणि तळाशी रेशमी पुरचुंडी. गाठ माझी नव्हती, कापडाच्या गठ्ठ्याला मारतात ती, दुकानातली.

उघडली. माझं लिंग. त्यावर चुलीच्या राखेची तीन बोटं, ओली असताना ओढलेली. शेजारी ज्वारीच्या भाकरीचा तुकडा.

पूजा केली यांनी. जेवले. आणि मी उपाशी असणार हे ओळखून परत पाठवलं.

आत्याबाई न्हाणीत पाणी तापवताहेत. आंघोळ करते, पूजा करते, माझा अर्धा रंजका खाते. मग गंगम्माकडे जायचं – शुक्रवारी लिंग परत यांच्याकडे जायला हवं.