पुढचं दार बेल्जियमात

१२ मे
क्रिप्टो एक्सचेंजचा ईमेल आला. नेदरलँड्समध्ये त्यांना नोंदणी मिळाली नाही, म्हणून ते देश सोडून चाललेत. नेदरलँड्सच्या रहिवाशांनी ३० जूनच्या आत आपली कॉइन्स विकून पैसे काढून घ्यावेत, मग खातं बंद. शेवटी, आपल्या सहकार्याबद्दल आभार. मी कसलंही सहकार्य केलेलं नाही आणि करणारही नाही.

घाबरट लोक आजच विकून मोकळे होतील. मी शांत बसणार. शांत बसणं ही माझी खरी ताकद आहे.

विलमीनला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, काढ आता. चौकातलं नेलबाईंचं फ्राइजचं दुकान तिला घ्यायचंय. अकरा वर्षं तिथे नोकरी केली. आता नेलबाईंचे गुडघे गेलेत आणि त्यांनी शब्द दिलाय की १ जुलैपर्यंत पैसे आण, दुकान तुझं. मी म्हटलं, आणतो, पण दुप्पट करून. ती भांडी विसळत राहिली. म्हणजे पटलं.

१४ मे
पटलेलं नाही. पैसे दोघांच्या बचतीचे होते, याची तिने आठवण करून दिली. कॉफीबरोबर बिस्किट दिलं नाही.

किंमत थोडी खाली. चांगलं लक्षण.

१९ मे, सकाळी
सापडलं! एक्सचेंजच्या पानावर देशांची यादी आहे. बेल्जियमच्या रहिवाशांना सेवा चालूच राहणार. आणि बेल्जियम कुठे आहे? आमच्या पुढच्या खोलीत.

अख्खी हयात बार्ले या अर्ध्या डच, अर्ध्या बेल्जियन गावात गेली, तरी हे सुचायला सात दिवस लागले. सरहद्द आमच्या घराखालून जाते. फुटपाथवर तिचे पांढरे क्रॉस आहेत, मी रोज त्यांच्यावर सायकल टेकवतो. गावाचा नियम लहान पोरालाही ठाऊक: पुढचं दार ज्या देशात उघडतं, घर त्या देशाचं. आमचं दार नेदरलँड्समध्ये, दाराशेजारची आमचीच खिडकी बेल्जियमात. दाराच्या जागी खिडकी बसवायची, खिडकीच्या जागी दार. दीड मीटर सरकलो की मी बेल्जियन. मग ना ३० जून, ना घाई. भाव चढेपर्यंत आरामात बसायचं.

इतकी साधी गोष्ट बाकीच्यांना कशी सुचली नाही?

१९ मे, संध्याकाळी
विलमीनने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं की एक बटण दाबून पैसे काढता येतात ना? मी म्हटलं, येतात. मग भिंत का फोडायची? मी समजावलं की यात दूरदृष्टी आहे. ती दुकानात निघून गेली. तिची आज ड्युटी नव्हती.

२३ मे
दोन्ही नगरपालिकांत जाऊन आलो. डच क्लार्क म्हणाली, खिडकी बेल्जियमात आहे, परवानगी तिकडून घ्या. बेल्जियन क्लार्क म्हणाला, घर डच आहे, तिकडून घ्या. दोघांनीही हात वर केले, म्हणजे हरकत कुणाचीच नाही.

शेजारच्या फोन्सशी बोललो. तो जन्माचा बेल्जियन, निवृत्त सुतार. आधी पोट धरून हसला, मग म्हणाला शनिवारी येतो. शनिवारी कुणी बघत नाही.

२७ मे
दार बसलं. देखणं, हिरवं. वर बेल्जियमच्या रंगांची नंबरपाटी. मी रस्त्यापलीकडे उभा राहून बराच वेळ बघत होतो.

एक बारीक अडचण. दाराच्या आतल्या बाजूला विलमीनच्या आईचं काचेचं कपाट आहे. दार उघडतं, पण कपाटापर्यंत. हात आत जातो, माणूस जात नाही. कपाट हलवू म्हटलं तर विलमीन म्हणाली, कपाट डच आहे, ते कुठेही जाणार नाही.

तसं काही बिघडत नाही. आमच्याकडे पुढच्या दाराने येतं कोण? सगळं गाव मागून येतं, अंगणातून सरळ स्वयंपाकघरात. जुनं पुढचं दार लग्न झाल्यापासून दोनदा उघडलं: एकदा फ्रिज आला तेव्हा, एकदा पाद्री आले तेव्हा. त्यातही पाद्रींना नंतर मागून यायला सांगितलं.

बेलची वायर राहिलीय. उद्या.

१ जून
डच नगरपालिकेत नाव काढून टाकलं. क्लार्क म्हणाली, आधी तिकडची नोंद होऊ द्या, मग काढा. मी म्हटलं, मी अर्धवट कामं करत नाही.

मग पन्नास पावलांवर बेल्जियमच्या कचेरीत अर्ज. ते म्हणाले, बीटचा पोलीस घरी येऊन बघून जाईल, तुम्ही खरंच तिथे राहता का. तो सांगून येत नाही. त्याने शेरा दिला की दाखला मिळतो. मी म्हटलं, कधीही या, मी घरीच असतो.

विलमीनने आपलं नाव काढलं नाही. तिचं म्हणणं, आपली खाट नेदरलँड्समध्ये आहे, मी तिथेच झोपते. तू कुठे झोपायचं ते तू ठरव.

५ जून
ॲपमध्ये देश बदलून 'बेल्जियम' केला. लगेच संदेश: नव्या देशाचा रहिवासी दाखला अपलोड करेपर्यंत खरेदी, विक्री आणि पैसे काढणं तात्पुरतं थांबवलं आहे. 'तात्पुरतं' हा शब्द मी दोनदा वाचला. योग्य शब्द आहे.

विलमीनला हे सांगायची गरज नाही. उगाच काळजी करते.

८ जून
किंमत पडली. विकता येत नाही, त्यामुळे घाबरून विकण्याचा धोकाच उरला नाही. खातं बंद असणं हे एक प्रकारचं संरक्षण आहे.

पोलीस आला नाही. दिवसभर मागे स्वयंपाकघरात रेडिओ लावून वाट पाहिली. त्याच्यासाठी फोन्सकडून बेल्जियन बिअर आणून ठेवलीय. बेल उद्या नक्की.

१३ जून
पोलीस नाही. बेल्जियममध्ये कामं सावकाश होतात असं ऐकलं होतं. बिअर गरम होऊ नये म्हणून त्यातल्या दोन मीच संपवल्या.

मी काम करतो त्या बागेच्या सामानाच्या दुकानात रजा टाकलीय. मालक म्हणाला, कसली रजा? मी म्हटलं, देशांतराची.

१७ जून
विलमीनने विचारलं, पैसे कधी निघतील? मी म्हटलं, प्रोसेस चालू आहे. तिने ॲप दाखव म्हटलं. दाखवलं. तिने तो संदेश वाचला, 'तात्पुरतं'सकट.

ओरडली असती तर मला आवडलं असतं. तिने फोन परत दिला, एप्रन उचलला आणि नेलबाईंकडे गेली. जाताना नेहमी सायकलची घंटा वाजवते, आज वाजवली नाही. मला फार वाईट वाटलं. संध्याकाळी फुलं आणावीत असं ठरवलं.

फुलांचं दुकान बंद होतं.

२२ जून
बेल्जियमच्या कचेरीत जाऊन जरा सुनावलं. तीन आठवडे झाले, तुमचा माणूस फिरकला नाही, ही काय पद्धत? क्लार्कने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि म्हणाला, आमचा माणूस तीनदा येऊन गेला. दार कुणी उघडलं नाही. शेरा पडलाय: 'या पत्त्यावर राहत नाही.' अर्ज नामंजूर.

मी म्हटलं, शक्यच नाही, मी दिवसभर घरात होतो. तो म्हणाला, कुठल्या घरात?

परत येताना फोन्स अंगणात वाटाणे सोलत बसलेला. मी त्याला गाऱ्हाणं सांगितलं. तो अगदी थंडपणे म्हणाला, "अरे, मी पाहिला की त्याला. बेल दाबत होता, दार ठोकत होता. मी म्हटलं, साहेब, मागून जा, इथे सगळे मागूनच जातात. तो म्हणाला, मागचं अंगण नेदरलँड्समध्ये आहे, गणवेशात मला तिथे पाऊल टाकता येत नाही."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तू लपून बसलायस. पोलिसाला कोण दार उघडतं?"

२३ जून
डच नगरपालिका. म्हटलं, माझं नाव परत घाला. क्लार्कने पत्ता तपासायला घराचा ताजा फोटो पाहिला. हिरवं दार, बेल्जियन पाटी. म्हणाली, हे घर तर बेल्जियमचं आहे. चौकशी होईल, काही आठवडे लागतील. मग विलमीनची इथली नोंद कशी चालते, असं विचारणार होतो, पण तेवढी अक्कल मला आहे. तिची जुनी नोंद कुणी उकरून काढायला नको.

२६ जून
एक्सचेंजला चॅटवर सगळं सविस्तर लिहिलं: सरहद्द, दार, कपाट, पोलीस. उत्तर आलं: 'कृपया यादीतून आपला देश निवडा.' यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. दीडशेवर देश आहेत. मी एकाही देशाचा रहिवासी नाही.

बेल बसवली. आवाज उत्तम आहे.

३० जून
आज खातं बंद झालं. पैसे बुडालेले नाहीत, रहिवासी दाखला दिला की मिळतील, असं ते म्हणतात. आणि दाखला मिळेपर्यंत किंमत वाढलेलीही असू शकते, असं मी म्हणतो.

नेलबाईंकडे जाऊन मुदत मागायचं ठरवलं होतं. पावसाळी हवा होती. गेलो नाही.

१ जुलै
सकाळी गेलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. दुकानाचं दार उघडं, नेलबाई बाहेर खुर्चीत बसून स्ट्रॉबेरी खात होत्या. आत विलमीन नव्या एप्रनमध्ये तेल तापवत होती. मी पाठ केलेलं म्हणू लागलो तर नेलबाई म्हणाल्या, अरे बाबा, पैसे पोचले. परवाच कागद झाले.

बँकेने विलमीनला कर्ज दिलं. तिच्या एकटीच्या नावावर. बँकेचा माणूस म्हणाला होता की नवरा घरात राहत असेल तर त्याची बचत, त्याची गुंतवणूक, सगळं दाखवावं लागेल. कॉइन्सचं कळलं असतं तर फाइल तिथेच थांबली असती. पण नगरपालिकेच्या नोंदीत त्या पत्त्यावर दुसरं कुणीच राहत नाही.

मला आधी आनंदच झाला. विलमीनला म्हटलं, बघ, शेवटी माझ्याच योजनेमुळे झालं ना! मी तिथे राहत नाही असं तू खोटं सांगितलंस आणि ते पचलं.

विलमीनने झारा खाली ठेवला.

"खोटं नाही सांगितलं, रिनुस. त्याने विचारलं, घरात कोण कोण असतं. मी मे महिन्यापासूनचं आठवून बघितलं आणि म्हटलं, मी एकटीच."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. ती त्याच्याकडे वळली. मी बाजूला झालो.

२ जुलै
किंमत पाहिली नाही.

सकाळी उठून तिच्याबरोबर गेलो. तिने ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. बटाट्यांच्या गोणीशेजारी स्टूल होतं, त्यावर बसलो. बटाटे सोलायला घेतले. सालं जाड निघतात म्हणाली.

पातळ काढतो म्हटलं.