सासूबाईंना ऊन सोसलं तर

सोमवार, ता. ४

या देशाविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे आणि ती मी शांत चित्ताने, कोणताही पूर्वग्रह न ठेवता नोंदवतो आहे. इथल्या गार पाण्याच्या नळाला गरम पाणी येतं. गरम पाण्याच्या नळालाही गरमच येतं. मग नळ दोन कशाला? एकावर निळा ठिपका, एकावर लाल — निव्वळ शब्दच्छल! चूळ भरली तर चहा प्यायल्यासारखं वाटतं. पंचमहाभूतांपैकी तेजाने बाकीच्या चौघांना गिळून वर ढेकर दिलेली आहे.

बायकोला सांगितलं. ती कामावर निघाली होती. "मग त्यातच चहापूड घाला," म्हणाली आणि गेली. नोकरी तिची, म्हणून हा देशही तिचा. मी आणि मायदेशातल्या दैनिकासाठीचं माझं वार्तापत्र तिच्या सामानातून आलो.

मंगळवार, ता. ५

सासूबाई येऊन आठवडा झाला. परतीचं तिकीट वीस तारखेचं. तिकडच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बजावलंय — "ऊन सोसलं तर खुशाल राहा लेकीकडे. घेरी आली, धाप लागली, तर पहिल्या विमानाने परत." परत म्हणजे तीन खोल्या आणि त्या एकट्या. बायको तोंडाने काही बोलत नाही. पण संध्याकाळी चपला काढायच्या आधी विचारते, "आई काय करतेय?" मी काय करतोय, हे तिने लग्नानंतर कधी विचारल्याचं स्मरत नाही.

तेव्हा माझं जीवितकार्य ठरलं. सासूबाईंना या देशाचा जाच जाणवूच द्यायचा नाही! जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. हा ग्रह सध्या वर्तमानपत्राने सासूबाईंना वारा घालतो आहे.

घर दाखवणारा दलाल म्हणालाच होता, "याहून जास्त इथे तापत नाही." म्हणजे एवढे दिवस काढले की जिंकलो.

गुरुवार, ता. ७

कमोडात बेडूक!

हिरवागार, मुठीएवढा, प्रसन्न. झाकण उघडलं तर असा बघायला लागला, जणू मीच दार न वाजवता आत शिरलो. सासूबाईंनी पाहिला असता तर? वीस तारखेची वाट न बघता निघाल्या असत्या. मगात घेतला, खिडकीतून बाहेर सोडला. मग साबणाने तीनदा हात धुतले. कोणाजवळ ब्र काढला नाही.

शुक्रवार, ता. ८

आज दुसरा.

शनिवार, ता. ९

तिसरा! यांची वसाहतच असावी. आता रोज पहाटे सासूबाईंच्या आधी उठून संडासाची पाहणी करतो. संस्कृत घेऊन पदवी मिळवली तेव्हा गुरुजींनी काळजीने विचारलं होतं, "पुढे करणार काय?" आता उत्तर देता येईल.

दुपारी कचरा टाकायला गेलो तर फाटकापाशी झाडावरून एक काळा-पांढरा पक्षी सणसणत आला आणि टाळूवर टोच! वर त्याचं घरटं आहे म्हणे. बायको, कन्या, सासूबाई सगळ्या त्याच झाडाखालून जातात. त्यांना काही नाही. मलाच! दुसऱ्या फेरीला डोक्यावर पातेलं घातलं. टण्! तरी आलाच.

सासूबाई खिडकीत, तोंडाला पदर. "जावईबापू, लग्नातसुद्धा एवढे रुबाबदार दिसला नव्हतात!"

कन्या म्हणाली, "बाबा, परत जा ना. व्हिडिओ हलला."

रविवार, ता. १०

पक्ष्यावर वार्तापत्र धाडलं. संपादकांचं उत्तर लगेच — "तिथे सरकार आहे का? असल्यास त्यावर लिहा."

सोमवार, ता. ११

सगळं घर फरशीवर उतरलं आहे. खुर्च्या आता फक्त कपडे टाकायला. पंख्याखाली चौघं ओळीने आडवे, कपाळावर ओले रुमाल. सासूबाई सांगत होत्या, लेक लहानपणी किती गुणी होती. तेवढ्यात छतावरची हातभर पाल चुकचुकली. कन्या खिदळली, "आजी, तिला शंका आहे!" बायकोने उशी फेकली. मी उठून गुपचूप दुसऱ्या टोकाला जाऊन पडलो. पालीचा नेम नसतो.

बुधवार, ता. १३

स्फोट!

पहाटे मग घेऊन संडासाशी पोचतो, तो आतून सासूबाई बाहेर. हातात पिठाची चाळण, चाळणीवर ताटली, ताटलीखाली धडपड. मागे वळतो तो बायको, हातात झारा! तिघंही चोरासारखी उभी.

"तुम्ही?"

"आई, तू? आणि ती पिठाची चाळण आहे!"

"मग काय करू? जावईबापू घाबरतील म्हणून रोज उचलून टाकते मी. म्हटलं, बिचकले तर बिऱ्हाड हलवायचे."

"मी? एका बेडकाला घाबरेन?"

"पालीला घाबरता."

मी आधी छत बघून घेतलं.

बायको म्हणाली, "आणि मी आई पळून जाईल म्हणून टाकत होते!" मी ताटली किंचित उचलली. डाव्या डोळ्यावर पांढरा ठिपका. "माझ्याही बेडकाला होता," मी म्हणालो. "माझ्यापण," बायको म्हणाली.

वसाहत कसली! एकच बेडूक. एकाच पहाटे तिघं त्याला पाळीपाळीने हाकलत होतो आणि तो बापडा दर वेळी घरी परत येत होता.

बायको तिथेच उंबऱ्यावर बसली आणि हसली — पोट धरून, डोळ्यांना धारा लागेपर्यंत. इथे आल्यापासून ती अशी हसली नव्हती. सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग चाळण खाली ठेवली. "राहू दे मेल्याला. आपल्याहून चिवट आहे."

"आणि तू?" बायकोने डोळे पुसत विचारलं.

"मला कुठे कोणी चाळणीतून फेकलंय?"

शुक्रवार, ता. १५

तिकीट रद्द!! बायको अर्धी रजा टाकून घरी आली. दारातच दोघींनी मिठी मारली आणि दोघीही "काय गं घाम तुला!" म्हणत बाजूला झाल्या. कन्या सोफ्यावर नाचली. सासूबाई म्हणतात, "ऊन काय, अंगवळणी पडतं." मी पातेलं न घालता फाटकापर्यंत गेलो. पक्ष्याने टोच मारली. मारू दे!

शनिवार, ता. १६

सकाळी टपालवाल्याला म्हटलं, संपला ना एकदाचा उन्हाळा. तो हसायला लागला. "उन्हाळा? तो पुढच्या महिन्यात लागतो."

दुपारी सासूबाई दोरीवर कपडे वाळत घालता घालता खाली बसल्या. घेरी आली. ओठ पांढरे पडले होते. सावलीत आणलं, पाणी दिलं. बऱ्याच वेळाने सावरल्या. माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "तिला सांगू नका. आत्ता कुठे हसायला लागलीय."

बायको येऊन दोन तास झाले. मी सांगितलेलं नाही. त्यांनी राहावं म्हणून सगळ्यात जास्त मीच धडपडलो. मला फार भीती वाटते आहे.