या खोलीतून त्या खोलीत

३ फेब्रुवारी, सोमवार. सायंकाळ

आज मला चार वेळा पाय उचलावे लागले. माणसाच्या सहनशीलतेलाही मर्यादा असते, याची कुठेतरी नोंद राहावी म्हणून आजपासून रोजनिशी सुरू.

प्रकरण असं. प्रिंटर बाहेरच्या खोलीत, माझ्या कम्प्युटरला जोडलेला. रेणुकाचा कम्प्युटर आतल्या खोलीत. मधे मी, खुर्चीत, पाय स्टुलावर. तिला काही छापायचं झालं की ती पेनड्राइव्ह घेऊन येते आणि म्हणते, अहो, पाय. 'जरा' नाही, काही नाही. अहो, पाय. जग कुठल्या कुठे गेलं आणि मी परभणीत पाय उचलत बसलोय.

संकल्प: दोन्ही कम्प्युटर नेटवर्कनं जोडणार. ऑफिसात मला 'टेक्निकल साहेब' म्हणतात. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद अख्खा बाहेर काढणारा आस्थापना शाखेत दुसरा माणूस नाही.

रोजनिशी कम्प्युटरवरच, डी ड्राइव्हमध्ये. वहीचा भरवसा नाही. कुणीही उघडून वाचतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

घरात घोषणा केली. रेणुका म्हणाली, सोमवारपर्यंत माझ्या कम्प्युटरला हात लावू नका. सोमवारी तिचं प्रदर्शन, जिल्ह्यातल्या शाळांचं. पिंगळीच्या शाळेतल्या तिच्या चौथीच्या पोरांनी गावातले आवाज गोळा केलेत. पिठाची गिरणी, स्टेशनातून सुटणारी गाडी, बांगड्यावालीची आरोळी. त्यात सगळ्यात भारी म्हणजे वर्गातल्या बिरदेवच्या आजोबांची, रायभानची, मेंढरं वळवायची हाक. रायभान कळप घेऊन येलदरीकडे गेलाय, मिरगाशिवाय परतत नाही. बिरदेव रोज विचारतो म्हणे, बाई, आज्याचा आवाज नीट हाय ना?

मी म्हणालो, नेटवर्क झालं की आवाज दुप्पट सुरक्षित. आणि आईसमोर पैज लावली: रविवारपर्यंत एक तरी फाइल पेनड्राइव्हशिवाय या खोलीतून त्या खोलीत गेली, तर पेनड्राइव्ह घरातून हद्दपार. नाही गेली, तर आठवडाभर सकाळचा चहा मी करणार.

आई म्हणाली, साखरेचा डबा कुठं असतंय ते तरी विचारून ठेव.

५ फेब्रुवारी, बुधवार

दोन्ही कम्प्युटर जुने, त्यांना वायफाय माहीत नाही. राउटरपासून आतल्या खोलीपर्यंत दारावरून केबल ओढली. मग माझा अख्खा डी ड्राइव्ह शेअर केला. कुणाकुणाला परवानगी, असं विचारतं. 'एव्हरीवन'वर टिक केली. पासवर्ड काढून टाकला. घरच्या माणसांपासून लपवायचं काय?

एवढं करूनही रेणुकाचा कम्प्युटर माझ्या स्क्रीनवर दिसेना. म्हणजे नेटवर्क अजून चालू नाही.

खासगी: रेणुकाचा चहा अलीकडे पाण्यासारखा होतो. मी बोलत नाही, मन मोठं आहे माझं. आईच्या घोरण्यानं झोप लागत नाही. तेही बोलत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नेटवर्क नाहीच. पण कारण सापडलं. आईनं केबलवर लुगडं वाळत घातलं होतं. ओलसरपणानं सिग्नल दबतो. आई म्हणाली, मला वाटलं दोरीच बांधलीस, म्हणलं एवढ्या वर्षांत घरात कायतरी कामाचं केलंस.

चहा मात्र आज बासुंदीसारखा. चमचा उभा राहिला असता. न बोलता कळलं तिला. याला संसार म्हणतात. आईनंही आपणहून सांगितलं की आजपासून देवघरापाशी झोपते, कुनाची झोप मोडाया नको. वय झालं की समज येते.

रेणुकाला सहज विचारलं, तुझ्याकडून माझा कम्प्युटर दिसतो का? म्हणाली, दिसतो की, सगळं दिसतं. माझं मन राखायला बोलली. बायको असावी तर अशी.

८ फेब्रुवारी, शनिवार

निदान झालं: दोष तिच्या कम्प्युटरचा. त्याचं शेअरिंगच बंद आहे. हात लावल्याशिवाय इलाज नाही, असं तिला ठणकावून सांगितलं. ती म्हणाली, लावा, पण जरा थांबा. दार लोटून बराच वेळ काहीतरी करत बसली. मग आईशी कुजबुज. मग म्हणाली, आता लावा. बायकांना प्रत्येक गोष्टीचा निरोप घ्यायला वेळ लागतो.

शेअरिंग चालू केलं. उद्या निकाल.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपार

विजय! रेणुका पूर्णेला बहिणीकडे गेलेली. माझ्या स्क्रीनवर तिचा कम्प्युटर आला, त्यात 'आवाज' नावाचं फोल्डर. उघडलं, तर रायभानची हाक थेट माझ्या स्पीकरमधून. आई दचकून उठली, म्हणाली, घरात मेंढरं शिरली का रं?

म्हणजे फोल्डर आता तिच्याकडेही आहे आणि माझ्याकडेही. दोन-दोन कशाला? तिचा कम्प्युटर जागा नाही, जागा नाही म्हणून रडतच असतो. आत गेलो, तिच्याकडचं फोल्डर डिलीट केलं, रिसायकल बिनही रिकामा केला. अर्धवट काम मला जमत नाही. तिला सांगणार नाही. सरप्राइज.

९ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ

माझ्याकडचं फोल्डरही गेलं. राउटरचा दोष.

रेणुका आली. तिला राउटर म्हणजे काय ते सविस्तर समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि चौथीच्या वर्गात बोलावं तसं म्हणाली, आपल्या खिडकीतून शेजाऱ्याचं कपाट दिसतं, म्हणून ते आपल्या घरात येतं का? शेजाऱ्यानं कपाट विकलं, तर खिडकीतून काय दिसणार? पुढे म्हणाली, उद्या प्रदर्शनाला तुमी या. बिरदेवला तुमीच सांगा. आणि स्वयंपाकघरात गेली.

मला उपाय सुचला. हाक म्हणजे शेवटी हाक. मोबाइल घेऊन गच्चीवर गेलो आणि घसा मोकळा करून मेंढरं वळवू लागलो. तिसऱ्या हाकेला गल्लीतली कुत्री सामील झाली. शेजारच्या धम्मपालनं खालून विचारलं, साहेब, दवाखान्यात न्यायचं का? शैक्षणिक काम करायलोय, असं कळवलं.

रेकॉर्डिंग आईला ऐकवलं. म्हणालो, हे रायभानचं नाही हे कुणाला कळणार? आई म्हणाली, मेंढरायला कळंल की. मग तिनं कमरेची चंची सोडली, सुपारीच्या खांडांत बोटं घातली आणि पेनड्राइव्ह काढून माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, हे घे, पन ते वरडनं बंद कर बाबा. तू कम्प्युटरला हात लावतो म्हनलास तवाच सुनंनं ठेवाया दिलता.

१० फेब्रुवारी, सोमवार. सकाळ

ही नोंद कागदावर. पेन्सिलीनं.

पेनड्राइव्हला काताचा वास येतोय, पण आवाज सगळे शाबूत आहेत. रायभानही. बिरदेवला मला काही सांगावं लागणार नाही.

'आवाज'च्या खाली आणखी एक फोल्डर आहे. नाव 'अहो'. त्यात एकच फाइल, माझी रोजनिशी. प्रत्येक नोंदीखाली लाल अक्षरांत, पोरांच्या गृहपाठावर लिहिते तसं: पाहिले. आणि तारीख. पहिली तारीख गुरुवारची. चहाच्या ओळीखाली दोन रेघा.

म्हणजे पैज मी जिंकलो होतो. फाइल पेनड्राइव्हशिवाय या खोलीतून त्या खोलीत गेली होती, आणि रविवारच्या कितीतरी आधी. हे आत जाऊन छाती काढून सांगावं, असं क्षणभर वाटलं. पण कोणती फाइल म्हणून विचारलं तर?

उठलो. घरात अजून कुणी उठलं नव्हतं. साखरेचा डबा सापडला, चहाच्या डब्याच्या मागे असतो. चहा केला. रेणुका आवरून कम्प्युटरसमोर बसली, तेव्हा कप आणि पेनड्राइव्ह तिच्या कीबोर्डशेजारी ठेवले. तिनं एक घोट घेतला, कपात पाहिलं आणि म्हणाली, मी काही बोलत नाही, मन मोठं आहे माझं.

मी बाहेर येऊन खुर्चीत बसलो. अजून सहा सकाळी राहिल्या.

थोड्या वेळानं ती प्रदर्शनाच्या चिठ्ठ्या छापायला पेनड्राइव्ह घेऊन बाहेर आली. तिला काही म्हणावं लागलं नाही. मी पाय आधीच उचलले होते.