फोटोच्या कडेची पोर

सोमवार, ४ मार्च

नातीला पत्ता लागू द्यायचा नाही. तिनंच शिकवलं – आजी, बटण दाबून बोल, फोन लिहून घेतो. शिकवलं सामानाची यादी सांगायला, आणि मी इथं मन मोकळं करतेय. शाळेत तीस वर्षं काढली, पण झाडूच्या बाजूनं. अक्षर काही चिकटलं नाही. तारीखसुद्धा हा फोनच घालतो.

नातीला त्याच शाळेचं काम मिळालंय. पन्नास वर्षं झाली म्हणून जुने फोटो भिंतीवर मोठे करून दाखवायचे, शिवाय वेबसाइटवर चढवायचे. जेवणाच्या टेबलावर दुकान मांडलंय. काळवंडलेले उजळते, वाकडे सरळ करते, कडा छाटते. मी शेजारी बसून माणसं ओळखून देते. "ह्या भूगोलाच्या बाई. नकाशा उलटा टांगायच्या."

"कडा कशाला कापतेस गं?"

"लोक मधलंच बघतात, आजी."

खरंय म्हणा. मी जन्मभर कडेलाच होते.

मंगळवार, ५ मार्च

शिक्षकांच्या रांगेचा फोटो निघाला. मागे एका टोकाला सामानाच्या खोलीचं दार. दारातून अर्धं तोंड बाहेर, रिबिन सुटलेली.

"ही कोण?" नात म्हणाली.

"कुणी नाही. झाडूला रिबिन बांधली असेल कुणी."

ती हसली.

माझी थोरली. सहाव्या वर्षी तापानं गेली. तिचा फोटो नाही – एकही नाही. माझ्या मुलाला, म्हणजे नातीच्या बापाला, एवढंच ठाऊक की आपल्याआधी एक बहीण होती. कामावर पोरं आणायची नाहीत, असा मोठ्या बाईंचा नियम. म्हणून तिला त्या खोलीत बसवायची. "बाहेर येऊ नकोस." फोटोवाला दरवर्षी यायचा. एकदा ती आलीच बाहेर, बघायला. मी चापट मारली. हात अजून विसरला नाही.

बुधवार, ६ मार्च

दुपारी घरात कुणी नाही. टेबलाशी जाऊन बसले. लॅपटॉप मिटलेला. तरी बसले.

शुक्रवार, ८ मार्च

उद्या सांगते, उद्या सांगते म्हणता म्हणता आज बघते तर – दारच नाही! खोली नाही, पोर नाही. रांगेतले शिक्षक तेवढे लख्ख.

"जड फोटो असले की वेबसाइट रखडते, आजी. छाटून हलका केला."

"आधीचा दाखव."

"त्याच्यावरच सेव्ह केलाय. का गं?"

"आणि कागदाचा?"

तिनं शाळेच्या कारकुनाला विचारलं. गठ्ठ्याला वाळवी लागली होती, स्कॅन झाल्यावर जाळून टाकला म्हणे; स्कॅन तेवढे नातीकडेच.

मग सांगितलं सगळं. नात पांढरीफटक पडली. "तूच तर म्हणालीस, कुणी नाही."

म्हणालेच होते. थट्टेची खोड जाईना. पोर स्वतःहून बाहेर आली होती, मीच परत आत ढकलली.

सोमवार, ११ मार्च

सापडली. निवड करायला सोपं जावं म्हणून नातीनं आधी सगळ्या फोटोंचा एक तक्ता केला होता – एकेक फोटो नखाएवढा. त्यात थोरली तिळाएवढी. मोठी करायला गेलं की नुसते चौकोन, फरशी बसवल्यासारखे.

नात हट्टाला पेटली. कुठल्याशा प्रोग्रामकडून तिनं चेहरा भरून आणला. टपोरे डोळे, कोरलेल्या भुवया, वर गालाला खळी.

"गोड आहे," म्हटलं. "ज्यांची असेल त्यांना लखलाभ. मला माझे चौकोन दे."

तिनं चौकोन पडदाभर केले. मी भिंतीपर्यंत मागे सरकले आणि चष्मा काढला. मोतीबिंदूचा एवढा तरी उपयोग – चौकोन एकमेकांत विरघळले. होती. तीच तिरकी मान. मी रागावलेय का, ते बघणारी.

"दिसते का गं?" नातीचा आवाज कापरा.

"तू तुझं काम कर. नाकावर माशी बसलीय तुझ्या."

माशी नव्हती. माशीच्या निमित्तानं डोळे पुसून घेईल, म्हणून म्हटलं.

बुधवार, १३ मार्च

चष्मा लावला की जाते. काढला की येते. दिवसभर ठेचकाळतेय. सून म्हणते, चष्मा हरवलात का?

गुरुवार, १४ मार्च

फोटोंखाली काय लिहायचं त्याची यादी कारकुनानं पाठवलीय. नात वाचत होती. माझ्या फोटोशी, त्या शिक्षकांच्या रांगेशी आली. "पाण्याची नवी टाकी बांधली, त्या वर्षीचा."

टाकीची जागा आधी मोकळी होती. थोरली तिथं एका पायावर उड्या मारायची. पाया खणला तेव्हा तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

नातीला काही बोलले नाही. ती उठून गेल्यावर चष्मा काढला. पोर दारातच उभी.

"ये बाहेर," म्हटलं.