सूर्यचुलीचं झाकण

इंदूर, मंगळवार

तीर्थरूप शरददादास, धाकट्या सुधाकरचा साष्टांग नमस्कार (घसा पार बसलाय, म्हणून लिहूनच). वहिनींचा दमा कसा आहे? हवापालटासाठी त्यांना इकडे मात्र आणू नकोस. इथे ज्याला त्याला हप्त्यावर स्कूटर मिळते आणि कोथिंबिरीच्या जुडीसाठीही लोक तिच्यावरूनच धूर सोडत जातात.

मिलचा भोंगा कायमचा थांबल्यापासून मी घरीच होतो, हे तुला ठाऊक आहे. (टाइमकीपरकडे आता वेळच वेळ, हा माझा विनोद शालिनीला आवडत नाही.) अशात शहरात ‘धूर कमी करा’ मोहीम निघाली. सायकल चालवा, रॉकेल वाचवा, उन्हावर शिजवा. मोहिमेचे साहेब आमच्या गल्लीत येऊन भरपूर बोलले, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी जाऊन स्टोव्ह पेटवले. मी साहेबांना तिथल्या तिथे सांगितलं, की इंदुरी माणसाला पटवायचं तर कानातून नव्हे, जिभेवरून जावं लागतं. ते म्हणाले, मग तुम्हीच सूर्यचुलीवर डाळ करून गल्लीला खिलवा. जमलं तर मोहिमेत नोकरी देतो. दादा, नोकरी हा शब्द ऐकून डोळ्यांत पाणीच आलं रे.

सूर्यचूल म्हणजे एक काळी पेटी, वर काचेचं झाकण आणि एक आरसा. नियम एकच, मध्ये उघडायची नाही, नाहीतर आतली ऊब जाते. आता पातेलं झाकलेलं आहे आणि इंदुरी माणसानं ते उघडून पाहिलं नाही, असं कधी झालंय? पेटी मी गच्चीवर मांडली, तर समोरच्या लीलाकाकू पापड वाळवायच्या निमित्तानं तिथे येऊन गेल्या. शेजारचे रामभाऊ तर, “अरे भिया, जरा देखू तर द्या, डाळ गली की नाही!” म्हणत पेटीपाशी ठाणच मांडून बसले. “हाथ मत लगाना!” असं ओरडून ओरडून माझा घसा गेला तो तेव्हाच, आणि आता घरोघर बोलून तो सुटतही नाही.

साहेबांना आणायला मी नाक्यावर गेलो आणि परत येतो तो शालिनीनं पातेलं खाली आणून वाढायलाही घेतलेलं. वर आपला इंदुरी जिरावन मसाला भुरभुरलेला. अख्खी गल्ली बोटं चाटत होती! रामभाऊंनी पेटी कुठे मिळते ते स्वतःहून विचारलं. मी दुसऱ्याच दिवशी कामावर रुजू झालो. सायकलवरून घरोघर जातो आणि पहिला धडा एकच देतो, झाकणाला हात लावू नका.

तुझा,
सुधाकर

ता. क. डाळ कशी झाली होती हे माझ्या तोंडून शोभत नाही. शालिनीसाठी खाली जागा सोडली आहे. मी निघतो, उशीर होतोय.

ता. क. २. भावोजी, नमस्कार. त्या दिवशी डाळ शिजलीच नव्हती. ती मी खाली स्टोव्हवर केली. रामभाऊ बिचारे नुसते बसले होते, झाकण तर आमचे हेच सारखे ‘जरा बघतो’ म्हणून उघडत होते. हे त्यांना कळू देऊ नका, कितीतरी दिवसांनी शीळ घालत घराबाहेर पडतात. आता ते दिवसभर बाहेर असतात आणि पेटीतली डाळ रोज लोण्यासारखी शिजते. फक्त रविवारी त्यांना सुट्टी असते, म्हणून रविवारची डाळ अजून स्टोव्हवरच करावी लागते. तेवढं दर रविवारी त्यांना तुमच्याकडे देवासला बोलावून घ्याल का?